सतरा एकांचा भागाकार

१

निकानोर मास्तरांना पुरून तीन दिवस झाले नाहीत, तोच त्यांच्या दोन वह्या चोरीला गेल्या.

आमच्या गावात चोरी! इथे कुणी सायकलला कुलूप लावत नाही, कारण कुठली सायकल कुणाची हे कुत्र्यांनासुद्धा पाठ आहे. आणि चोरलं काय, तर भागाकारांच्या वह्या!

ही चोरी उघडकीला आणली ओफेलियाबाईंनी, म्हणजे आमच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांनी. त्या मिल्तोन पाथरवटाला घेऊन मास्तरांच्या घरी गेल्या होत्या. थडग्याच्या दगडावर काय कोरायचं, ते शेवटची वही बघून ठरणार होतं. कपाटात एक ते पंच्याण्णव क्रमांकाच्या वह्या ओळीने उभ्या होत्या. शहाण्णव आणि सत्त्याण्णव गायब. तिथे फक्त दोन बोटांची फट.

तासाभरात सगळं गाव मास्तरांच्या फाटकाशी जमलं. मीही. आई मागून ओरडत होती, "नायारा, तू काय पोलीस आहेस का गं?"

"पोलीस नाही, गणितवाली आहे!"

"मग तर बघायलाच नको!"

मी पंधरा वर्षांची आहे. मे महिन्यात जिल्ह्याच्या गणित स्पर्धेत दुसरी आले, तेव्हापासून माझं डोकं जमिनीवर राहत नाही, असं आईचं म्हणणं. असू दे. पण या वह्यांचं गूढ सोडवायला गणितच लागणार होतं, आणि ते गावात माझ्याइतकं कुणाला येत नव्हतं. (ओफेलियाबाई सोडून. आणि मास्तर सोडून, पण ते तर...)

तर मास्तरांची संख्या. एकापुढे एक सतरा एक मांडा: १११११११११११११११११. हिला जिने पूर्ण भाग जाईल अशी मूळ संख्या मास्तर सव्वीस वर्षं शोधत होते. कागद, पेन्सिल आणि स्वतःचं डोकं. यंत्राला हात लावायचा नाही. त्यांनी आधी एक चाळणी लावली होती. या संख्येला जी मूळ संख्या भागेल, तिला चौतीसने भागलं तर बाकी एक राहायलाच हवी. मग ज्या मूळ संख्यांचं तसं होत नाही त्या सगळ्या बाद! उरल्या त्यातली रोज एक घ्यायची, लहानापासून मोठीकडे. एक दिवस, एक भाजक, एक पान. वहीची शंभर पानं भरली की नवी वही.

फोनला विचारलं तर उत्तर पापणी लवायच्या आत येतं. २०७१७२३. हे गावात सगळ्यांना माहीत होतं! सहावीत ओफेलियाबाई प्रत्येकाकडून तो लांबलचक गुणाकार हाताने करून घेत: २०७१७२३ गुणिले ५३६३२२२३५७. खाली सतरा एक रांगेत उतरले की वर्गात आरडाओरडा. मग तो कागद शेगडीत घालायचा आणि शपथ घ्यायची: मास्तर आणि मास्तरीणबाई यांच्यासमोर हा आकडा कधीही काढायचा नाही. इतक्या वर्षांत एकानेही शपथ मोडली नाही. दारू प्यायलेल्यांनीसुद्धा नाही.

मास्तर तिथे कधी पोचणार, तो दिवससुद्धा आम्ही काढून ठेवला होता. तेवीस ऑगस्ट. आमच्याकडे तेव्हा हिवाळा असतो; चौकात कोकरं भाजायची, बँड आणायचा, आणि मास्तर स्वतः शाळेची घंटा वाजवणार. ते नेहमी म्हणत, "सापडला की घंटा मी वाजवीन. तोवर कुणी विचारायचं नाही."

मास्तर चौदा ऑगस्टला संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. नऊ दिवस आधी.

त्यांची इच्छा मिल्तोनकडे लिहून ठेवलेली होती: दगडावर नावाखाली सतरा एक कोरावेत. भाजक सापडला असेल तर त्याखाली तो भागाकार. नसेल, तर शेवटी करून पाहिलेली संख्या, म्हणजे कुणाला पुढे चालू ठेवायचं झालं तर कुठून सुरू करायचं ते कळेल. वहीच नसेल, तर खाली काय कोरणार?

"शनिवारी छिन्नी लावतो," मिल्तोन म्हणाला. "तोवर वही मिळाली तर ठीक. नाहीतर खालची जागा कोरी."

फाटकाशी मास्तरांच्या बायको, एतेल्विना मास्तरीणबाई, उभ्या होत्या. त्यांनी फक्त शाल घट्ट ओढली.

माझ्या डोक्यात मात्र एक प्रश्न टोचायला लागला होता. चोराला शेवटची वही हवी होती, समजू शकते. पण शहाण्णव क्रमांकाची वही तर भरून संपलेली, शंभर पानं फसलेल्या भागाकारांची. ती कुणी कशाला नेईल?

२

पहिल्यांदा ओफेलियाबाई. संशय घ्यायचा तर त्यांच्यावर सगळ्यात आधी, कारण त्यांना शाळेत मास्तरांच्या वह्यांचं दालन करायचं होतं आणि मास्तरीणबाईंनी साफ नाही म्हटलं होतं.

"माझ्यावर संशय?" त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "तुला बेरीज कुणी शिकवली गं?"

"तुम्हीच. म्हणून तर तुमच्यापासून सुरू केलं."

त्या हसल्या आणि लगेच त्यांचे डोळे भरले. तीन दिवस त्यांचं असंच चाललं होतं. त्यांनी शाळेची नोंदवही काढून दाखवली. दरवर्षी सहावीचा वर्ग मास्तरांकडे जातो आणि ते कुठपर्यंत आलेत ते टिपून आणतो. यंदाची नोंद: पाच मे, वही शहाण्णव, पान पहिलं. आणि बाईंच्या हाताने खाली: 'इथून एकशे अकरावं पान.'

"पाच मे पहिला दिवस धरला, की एकशे अकरावा दिवस तेवीस ऑगस्ट," त्या म्हणाल्या. "चौदाला एकशे दोन झाली होती. नऊ राहिली, नायारा. नऊ! मला राहवलंच नाही. कबरीशी भाषणात बोलून गेले मी. दोन शून्य सात एक सात दोन तीन. मास्तर गेले, आता कुणापासून लपवायचं?"

"तेव्हा मास्तरीणबाई तिथेच होत्या ना?"

"माझ्या शेजारीच. त्यांनी तो आकडा पहिल्यांदा ऐकला." बाईंनी नाक पुसलं. "माझा हात धरला होता त्यांनी. इतका जोरात, की वळ उठला."

तिथून मी मास्तरीणबाईंकडे गेले. आईने पुरचुंडीत तळलेल्या पुऱ्या बांधून दिल्या होत्या. दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही.

या घराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. नवरा-बायको बोलत नसत. सव्वीस वर्षं! त्यांची मुलगी अल्बा नदीत बुडाली. सतरा वर्षांची होती. पोहायला जायला मास्तरांनी हो म्हटलं होतं, बाईंनी नको म्हटलं होतं. त्यानंतर घरात माते या आमच्या कडू पानांच्या चहाचे तुंबेही दोन झाले, त्याचा आणि तिचा. आमच्याकडे एका तुंब्यातून आळीपाळीने माते पीत नाहीत त्या घराबद्दल लोक कुजबुजत बोलतात. तशी कुजबुज इथे इतकी जुनी झाली होती, की लोकांनी तीही सोडून दिली होती.

पण रोज सकाळी दोघं एका टेबलाशी बसत. मास्तर भागाकार पुरा करत आणि वही पुढे सरकवत. बाई पानाच्या कोपऱ्यात फुली काढून नवाचा ताळा घेत, म्हणजे प्रत्येक आकड्यातले अंक एकच अंक उरेपर्यंत मिळवत जायचे. भाजकाचा अंक गुणिले भागाकाराचा अंक, त्यात बाकीचा अंक, आणि जे येईल ते मूळ संख्येच्या अंकाशी जुळायला हवं. सतरा एकांची बेरीज सतरा, एक आणि सात आठ. म्हणून भाजक कुठलाही असो, गणित बरोबर असेल तर शेवटी आठच यायला हवेत.

"आठ," बाई म्हणत.

"आठ," मास्तर म्हणत.

दिवसभरात एवढंच. सहावीच्या सहलीत आम्ही ते ऐकलं तेव्हा खिडकीबाहेर तोंड दाबून हसलो होतो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

"मास्तर शेवटपर्यंत भागाकार करत होते?" मी विचारलं.

"त्या दिवशी सकाळीसुद्धा."

"रोज किती?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. चुलीत एक लाकूड सारलं.

"रोज एक. नेहमीसारखं. तू पुऱ्या ठेव आणि घरी जा, मुली. पाऊस येतोय."

पाऊस येत नव्हता.

३

वॉशिंग्टनकाकांचं दुकान कोपऱ्यावर आहे. (त्यांच्या भावाचं नाव एडिसन. त्यांच्या आईला मोठ्या माणसांच्या नावांची हौस.) मास्तरांची शेवटची वही काचेच्या पेटीत घालून दुकानात ठेवणार, असं ते वर्षभर सांगत होते. म्हणजे संशयित नंबर दोन.

"मी चोर?" काकांनी काउंटरवर मूठ आपटली. "अगं, मास्तरांना सव्वीस वर्षं वह्या विकणारा मी! ती वही मला त्यांच्या हातून हवी होती, तेवीस तारखेला, बँडच्या समोर. परसात दोन कोकरं बांधून ठेवलीत त्या जेवणासाठी. आता ती माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघत नाही."

"कापणार?"

"कुणाच्या तोंडाने कापू? बायकोने नावंसुद्धा ठेवली त्यांची."

मी हसले. काकाही हसले. 

"मास्तर आले होते का अलीकडे?"

"शेवटचे आले ते वही न्यायला. मी शिडीवर होतो. वादळात पाटी उडाली नव्हती का माझी? मी आपला खिळे ठोकतोय, तर खालून आवाज, 'वॉशिंग्टन, चार खिळे मार, दोन नको. शाळेतही असाच अर्धवट होतास.' वही घेतली, गेले." काकांनी डोळे पुसले. "साठ वर्षांचा झालो मी. तरी पटकन दोन खिळे आणखी मारले."

मी दाराकडे वळले होते. तिथेच थांबले.

"काका. वादळाच्या दिवशी?"

"हो."

"वादळ दहा जुलैला झालं."

"मग? दहा जुलै तर दहा जुलै."

शहाण्णव क्रमांकाची वही पाच मेला सुरू झाली. रोज एक पान, शंभर पानं. ती बारा ऑगस्टला संपायला हवी होती. नवी वही तेव्हा लागणार, फार तर आठवडाभर आधी ते घेऊन ठेवणार.

मास्तरांनी ती महिनाभर आधीच घेतली होती. आणि मास्तर गरजेआधी वही घेत नसत, हे काकांनीच पुढच्या वाक्यात सांगितलं. "संपल्याशिवाय नवी कधी नेली नाही त्यांनी. 'कोरी वही घरात असली की माणूस उड्या मारतो,' म्हणायचे."

४

मी घरी आले आणि आईच्या केशकर्तनाच्या खुर्चीत बसून कागदावर हिशेब मांडला.

पाच मे ते दहा जुलै, दिवस सदुसष्ट. पानं शंभर. म्हणजे तेहतीस दिवस दोन-दोन पानं झाली. ती एकसलग शेवटची धरली, तर सुरुवात आठ जूनला होते.

"आई, मास्तर साल्तो शहरात मोठ्या डॉक्टरांकडे कधी गेले होते?"

"जूनच्या सातला," आई कात्री पुसत म्हणाली. "आदल्या दिवशी मीच केस कापले. म्हणाले, 'डॉक्टरापुढे नीटनेटकं जावं, म्हणजे तो खरं बोलतो.'"

सात जूनला डॉक्टर खरं बोलले. आठ जूनपासून मास्तर दुप्पट वेगाने धावायला लागले.

त्याच वेगाने नव्या वहीचं अकरावं पान सोळा जुलैला येतं. सोळा जुलै! मृत्यूच्या जवळपास महिनाभर आधी. म्हणजे मास्तर नऊ दिवसांनी हुकले नव्हते. ते २०७१७२३ वर पोचले होते आणि पुढे निघून गेले होते.

मग घंटा का वाजली नाही?

मी पेन्सिल खाली ठेवली. उत्तर एकच होतं आणि ते मला नको होतं. भागाकार चुकला. एक्याऐंशी वर्षांचे थकलेले डोळे, दिवसाला दोन-दोन भागाकार. सव्वीस वर्षं ज्याची वाट पाहिली, तो समोरून गेला आणि त्यांना दिसला नाही.

आता चोर कोण, हे सोपं होतं. शहाण्णव क्रमांकाची वही का गेली तेही. मास्तर प्रत्येक पानावर तारीख घालत. त्या तारखा कुणी पाहिल्या, तर वेग कळला असता, आणि वेग कळला की चूक कळली असती. काकांना यातलं काही माहीत नव्हतं, नाहीतर दहा जुलैचं त्यांनी असं सहज सांगितलं नसतं. ओफेलियाबाईंना माहीत असतं, तर त्या नऊ दिवसांसाठी इतक्या रडल्या नसत्या.

आणि एका माणसाने प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात फुली काढली होती. त्या माणसाला दिवसाला दोन पानं होतात हे कळल्यावाचून राहणं शक्यच नव्हतं. तरी तिने मला सांगितलं, रोज एक.

खिडकीतून मास्तरांचं धुराडं दिसत होतं. दुपारचे तीन वाजले होते, स्वयंपाकाची वेळ नव्हती. तरी धूर काळा आणि जाड येत होता.

मी धावले.

५

दार उघडंच होतं. मास्तरीणबाई चुलीसमोर बसल्या होत्या. चूल भडकलेली, झाकण उघडं. मांडीवर दोन वह्या.

"नका!" मी ओरडले. "मास्तरीणबाई, नका ना!"

"तीन दिवस नकाच चाललंय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "रोज पेटवते. रोज परत लाकडांच्या खोक्यात ठेवते. बस. धापा टाकू नकोस, पडशील."

मी जमिनीवरच बसले. माझी सगळी हुशारी धावताना कुठेतरी गळून पडली होती.

"तुला कळलंय," त्या म्हणाल्या.

"वॉशिंग्टनकाकांनी वही विकली त्या दिवसावरून."

"वॉशिंग्टन!" त्यांनी मान हलवली. "त्या गाढवाला तारीख आठवावी!"

मग त्यांनी सांगितलं. ओफेलियाबाईंनी कबरीशी आकडा म्हटला आणि त्यांना वाटलं, हा आपण पाहिलाय. घरी येऊन त्यांनी पानं उलटली. अकराव्या पानावर तो होता. कोपऱ्यात त्यांच्या हातची फुली होती.

"लोकांना काय सांगू? तुम्ही पोरंटोरं शपथा घेऊन गप्प बसलात, कोकरं बांधलीत, आणि त्याला तो दिसला नाही? आणि चूक कुठली, तर तिसरीतली! ज्या चुकीसाठी त्याने अर्ध्या गावाला बाकावर उभं केलं, ती!" त्यांनी वही माझ्याकडे टाकली. "आणि मी त्यावर ताळा घेतला. आठ म्हटलं. बघ."

मी पान उघडलं. सोळा जुलै. मास्तरांचे टोकदार, सरळ आकडे. भाजक २०७१७२३. भागाकार ५३६३२२२३५६. बाकी २०७१७२३.

दोनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आलं. शेवटी सात लिहायचे, तिथे सहा लिहिले होते. भाजक आणखी एकदा वजा होत होता, तो केला नव्हता. बाकी भाजकाएवढीच राहिली होती. आणि बाकी भाजकापेक्षा लहानच हवी, हे मास्तरांचं सगळ्यात लाडकं वाक्य. कोपऱ्यातली फुली मात्र बरोबर होती. चार एके चार, बाकीचे चार, आठ. खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त एक पायरी राहिली होती.

"हसतील सगळे," बाई म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला हसतील."

 हात रिकामे राहू नयेत म्हणून मी पुढची पानं उलटत राहिले. सतरा जुलै. अठरा जुलै. एकोणीस.

मग मी परत मागे आले. चौदा जुलै, दोन पानं. पंधरा जुलै, दोन पानं. सोळा जुलै, एक. सतरा, एक. अठरा, एक. तिथून चौदा ऑगस्टपर्यंत रोज एक.

"मास्तरीणबाई," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "सोळा जुलैला दुसरा भागाकार का केला नाही त्यांनी?"

"म्हणाला... म्हणजे बोलला नाही. वही मिटली, बस."

"तब्येत बरी नव्हती त्या दिवशी?"

"नाही गं. उलट दुपारी भाजीच्या वाफ्याशी बसला होता. उन्हात."

"आणि दुसऱ्या दिवसापासून?"

"एकच. मला वाटलं, दमला."

"दमलेला माणूस हळूहळू कमी करतो. हे तर एका दिवसात थांबले, आणि थांबले ते नेमके याच पानावर." मी वही त्यांच्यासमोर धरली. "आठ जूनपासून ते धावत होते, कारण त्यांना मरायच्या आधी पोचायचं होतं. सोळा जुलैला धावणं संपलं. पोचल्याशिवाय कुणी धावणं सोडतं का? त्यांना दिसला होता तो. सात लिहायचे तिथे त्यांनी सहा लिहिले, मुद्दाम. तिसरीतली चूक मास्तर करणारच नाहीत. पण या चुकीत ताळा आठच येतो, हे त्यांना माहीत होतं. दुसरी कुठलीही चूक केली असती, तर तुम्ही आठ म्हटलं नसतं."

बोलताना मला वाटत होतं, आता त्यांचा चेहरा उजळेल. मी उठून उभीसुद्धा राहिले होते. मास्तर चुकले नाहीत! गूढ सुटलं! शाबासकीची वाट बघत होते मी, खरं सांगते.

मास्तरीणबाईंनी वही घेतली. बोटाने एकेक पान मोजलं. सतरा जुलैपासून शेवटच्या पानापर्यंत. बराच वेळ लागला.

"एकोणतीस," त्या म्हणाल्या. "एकोणतीस सकाळी तो इथे बसला. मी आठ म्हटलं. त्याने आठ म्हटलं. आणि त्याला माहीत होतं."

"हो."

"आणि मला सांगितलं नाही."

चुलीत लाकूड कडाडलं. मला अचानक घरी जावंसं वाटायला लागलं.

"सांगितलं असतं," मी हळूच विचारलं, "तर तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. दोन खुर्च्या समोरासमोर होत्या.

"काय करणार? घंटा झाली असती, जेवण झालं असतं, ओफेलियाचं भाषण झालं असतं. मी रडले असते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ताळा घ्यायला काही नाही; तो त्याच्या खोलीत, मी माझ्या." त्यांनी वह्या एकावर एक ठेवल्या. "तिथेच बसलो असतो, मरेपर्यंत."

त्यांनी चुलीचं झाकण लावलं. वह्या बाहेरच राहिल्या.

६

शनिवारी सकाळी थंडी एवढी होती, की मिल्तोन छिन्नी काखेत धरून गरम करत होता. दफनभूमीत आम्ही तिघंच. ओफेलियाबाईंना बोलवायचं नाही, असं मास्तरीणबाईंनी बजावलं होतं. "ती रडेल, आणि मग मला तिला सांभाळावं लागेल."

सतरा एक कोरून झाले होते. एक कोरायला सोपा, मिल्तोन म्हणाला, एक उभी रेघ की झालं. पण सतरा सारख्या रेघा सारख्या अंतरावर, त्यात घाम निघाला.

"आता खाली?"

मास्तरीणबाईंनी कागद दिला. मास्तरांचं पान त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून आणलं होतं.

मिल्तोन वाचायला लागला. त्याचे ओठ हलत होते. मग कपाळाला आठ्या पडल्या.

"मास्तरीणबाई, हे... बाकी भाजकाएवढी आलीये."

"आलीये."

"इथे सात हवेत. सहा नकोत. सात घातले की बाकी शून्य. मी सहावीत केलाय हा गुणाकार, मला पाठ आहे! याच चुकीसाठी मास्तरांनी मला पूर्ण तास बाकावर उभं केलं होतं."

"मला माहीत आहे. सहाच कोर."

"अहो, लोक म्हणतील मास्तरांना भागाकार येत नव्हता. नाहीतर म्हणतील मिल्तोनला कोरता येत नाही."

"म्हणू देत. तुला पोटापाण्याची भीती असेल, तर मागे बारीक अक्षरात लिही, विधवेच्या सांगण्यावरून."

मिल्तोनने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. एरवी मी दहा वाक्यं बोलले असते.

"पण का?" त्याने विचारलं.

"त्याने असंच सोडलं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "उरलेली पायरी ज्याला येते, त्याने घरी जाऊन करावी."

मिल्तोन वाकला. दगडाची पूड उडायला लागली. पाच, तीन, सहा, तीन. शेवटच्या सहाच्या वेळी त्याने छिन्नी टेकवली, क्षणभर थांबला, मागे वळून पाहिलं. मास्तरीणबाईंनी हनुवटीनेच खूण केली. त्याने सहा कोरला.

परतताना मी त्यांना आधार द्यायला हात पुढे केला. त्यांनी घेतला नाही. फाटकातून बाहेर पडल्यावर त्या बोलायला लागल्या. आधी मला वाटलं, माझ्याशीच.

"एकोणतीस दिवस! तोंड नव्हतं तुला? नदीवर जाऊ दे म्हणायला होतं, आणि हे सांगायला नव्हतं? आणि तो वाफा, उन्हात बसलास, मला वाटलं बरं वाटतंय तुला. आणि डॉक्टर काय म्हणाला तेही नाही सांगितलंस. मी कापलेले केस पाहूनच ओळखलं होतं. अल्बाचा निळा स्वेटर कुठे ठेवलास ते सांग आधी. सव्वीस वर्षं शोधतेय मी..."

रस्त्यात वॉशिंग्टनकाका दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. ओफेलियाबाई शाळेच्या खिडकीत आल्या. कुणी हाक मारली नाही. मास्तरीणबाई हातवारे करत, थांबत, पुन्हा चालत, अख्ख्या रस्त्याने मास्तरांशी भांडत गेल्या. सव्वीस वर्षांचं एकदम.

मी दोन पावलं मागे राहिले. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.